फुटक्या कडेची गोगलगाय

माझे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जन्मभर मेलेल्या गोगलगायींच्या मागे धावले आणि तिथेही त्यांना उशीरच झाला. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, आधीच सांगून ठेवतो. मी दातांचा डॉक्टर. माझा पेशंट निदान ओरडतो तरी, त्यामुळे कुठे दुखतंय ते कळतं. दाजींच्या गोगलगायी मरून, दगड होऊन कोट्यवधी वर्षं झालेली. त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने दाजी बोलतात. चहाला बोलतात, जेवताना बोलतात, कुणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी बसून बोलतात. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आलो तेव्हा कानावर पडलेलं पहिलं वाक्य होतं, "खरी मजा असते ती शेवटच्या वेढ्यात."

नोकरी म्युझियममध्ये, तळघरात. वरच्या मजल्यावर देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, तिथे ही गर्दी. तळघरात लोक उतरतात ते फक्त स्वच्छतागृह शोधत. जिन्याच्या पायथ्याशी डावीकडे स्वच्छतागृह आणि उजवीकडे दाजी. चुकून उजवीकडे वळलेल्या माणसाची खैर नाही. त्याला लोखंडी कपाटातले पातळ खण उघडून दाखवले जातात, खणात पुठ्ठ्याच्या डब्या, प्रत्येक डबीत कापसावर निजवलेला एक शंख आणि शेजारी चिठ्ठी. पायांची चाळवाचाळव करत तो बिचारा "वा, वा" म्हणतो, आणि दाजींना वाटतं विषयात रस असणारा माणूस भेटला. ऑफिसात सगळे त्यांना शंखोबा म्हणतात. तोंडावर म्हणतात. दाजींना ती पदवी वाटते.

घर म्हणजे तळघराचीच शाखा. दाजी सुट्टीच्या दिवशी चुनखडीच्या खाणीवर जाऊन पिशव्या भरभरून माती आणणार, ती ताईच्या स्वयंपाकघरात भिजवणार, ताईच्या चाळणीतून धुणार आणि ताईच्या ट्रेमध्ये वाळवणार. सिंक तुंबायचं. नळवाल्याने एकदा पाइप उघडून ओंजळभर शिंपले बाहेर काढले आणि ताईला विचारलं, "बाई, तुमच्याकडे पाणी समुद्रातून येतं का?" ताई हसली. मी नसतो हसलो. मी नवऱ्याला त्या पाइपमधून बाहेर काढला असता.

पण ताईचं तसं नव्हतं. ताईलाही त्यात एक काम होतं, आणि खरं सांगायचं तर त्या घरातलं खरं काम तेवढंच होतं. दाजींच्या गोगलगायींची चित्रं ताई काढायची. फोटोत कडा काळ्या पडतात आणि बारीक रेघा बुजतात, म्हणून त्यांच्या विषयात अजून हाताने चित्रं काढतात. जेवणाच्या टेबलावर खिडकीकडे तोंड करून ताई बसायची. एका डोळ्याला भिंग, हातात केसाएवढी बारीक निब, आणि कागदावर ठिपके. नुसते ठिपके. सावली असेल तिथे दाट, उजेड असेल तिथे विरळ. एका शंखाला आठवडा जायचा. ताईची चित्रातली गोगलगाय आणि डबीतली गोगलगाय शेजारी ठेवली तर मला डबीतलीच नक्कल वाटायची. मुख्य म्हणजे ताई दिसेल तेच काढायची. शंखाला टवका उडालेला असेल तर चित्रात टवका. दाजी कुरकुर करायचे, पण चित्र छापायला द्यायचे, कारण दुसरं काढून देणारं होतंच कोण?

हे असं तीसेक वर्षं चाललं. दाजींचे लेख छापून यायचे आणि लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असायची, "घरच्या मंडळींच्या सहकार्याबद्दल आभार." घरची मंडळी म्हणजे ताई, आणि माझ्या अंदाजाने तो नळवाला. चित्राखाली ताईचं नाव कधीही आलं नाही. मी एकदा विचारलं तर दाजी म्हणाले, "अरे डॉक्टर, ती घरचीच आहे." जणू घरच्या माणसाला नाव नसतं!

त्याबदल्यात ताईला मिळालं होतं एक वचन. लग्नाच्या नव्या नवलाईत दाजी तिला म्हणाले होते, "मला पहिली नवी प्रजाती सापडली ना, की तिला तुझं नाव देणार." त्यांच्यात ही पद्धत आहे. आजवर कुणालाच ठाऊक नसलेला प्राणी सापडला, की जो त्याचं पहिलं वर्णन छापतो त्याने त्याला नाव द्यायचं, आणि ते नाव जगबुडीपर्यंत टिकतं. इतर नवरे सोन्याच्या बांगड्या कबूल करतात, आमच्या दाजींनी गोगलगाय कबूल केली. ताईला ते फार आवडलं होतं. आता माझी बहीण काही वेडी नाही, पण आवडलं होतं हे खरं.

आणि गंमत बघा, नवी प्रजाती काही सापडेना. दाजी मोठ्या आशेने एकेक शंख घासून पुसून उजेडात धरायचे, पुस्तकं उलथीपालथी करायचे आणि दर वेळी निघायचं, की शे-दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी तिचं नाव ठेवून मोकळा झालाय. बहुतेक कुणीतरी पेन्शनीतला सेनाधिकारी, ज्याला सकाळी उठून दुसरा उद्योग नव्हता. दाजी त्या मेलेल्या लोकांवर मनापासून चिडायचे. "हावरट मेले," म्हणायचे, "आमच्यासाठी काही ठेवलंच नाही."

मग तो दिवस उजाडला. माझ्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, मी ड्रिल हातात घेतलेलं, आणि दार ढकलून दाजी आत. "डॉक्टर, दिवा दे!" पेशंटच्या तोंडावरचा दिवा त्यांनी स्वतःच वळवला आणि तळहातावरचा शंख त्याखाली धरला. अंगठ्याच्या पेराएवढा, राखाडी. "पाठीकडून बघ. शेवटच्या वेढ्यावर. दिसली खोबण?" दिसली. वेढ्यावरून तिरकी गेलेली एक खोल खोबण होती, आणि तिच्या अलीकडच्या उभ्या रेघा पलीकडच्या रेघांशी जुळत नव्हत्या, सगळ्या एका बाजूला सरकलेल्या. "अशी खोबण कुणालाच नाही! कुणालाच!" दाजींचा आवाज चिरकला होता. पेशंटलाही बघावं लागलं. कापसातून तो काहीतरी म्हणाला, ते दाजींनी अभिनंदन म्हणून घेतलं.

मी विचारलं, "अशा किती सापडल्यात?"

"एक."

"एकच?"

"पहिली नेहमी एकच असते रे," दाजी म्हणाले. त्या खाणीत दिसायला अगदी अशाच, पण बिनखोबणीच्या गोगलगायी बादलीने सापडत होत्या, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं होतं. मी दिवा पुन्हा पेशंटच्या तोंडावर वळवला. माझ्या पेशंटची भूल उतरत होती.

त्या संध्याकाळी ताईकडे गेलो तर ताईचा चेहरा बघण्यासारखा होता. टेबलावर नव्या निबा आल्या होत्या. टीपकागदाच्या कोपऱ्यात तिने स्वतःचं नाव लिहून बघितलं होतं, शास्त्रातल्या नावांना लावतात तसं लॅटिन शेपूट लावून. मी बघतोय म्हटल्यावर त्यावर पटकन शाईची दौत ठेवली. साठीला आलेली बाई, आणि कानापर्यंत लाल झाली. मला फार बरं वाटलं. दाजींबद्दल माझ्या मनात त्या दिवशी चक्क प्रेम दाटून आलं. ते आठ दिवस टिकलं.

आठ दिवसांनी चहाला आले खेकडेसाहेब. हे दुसऱ्या म्युझियममधले, दाजींच्याच वयाचे, आणि त्यांचा जीव दगड झालेल्या खेकड्यांत. माणूस गोड बोलणारा. इतका गोड, की मला व्यावसायिक काळजी वाटते. दाजींच्याच खाणीत त्यांना एक नवा खेकडा सापडला होता. बिस्कीट बुडवता बुडवता त्यांनी विषय काढला.

"आपल्या दोघांचंही एकच दुखणं आहे हो. माणूस जन्मभर खपतो, प्रजाती शोधतो, पण स्वतःचं नाव स्वतः देऊ शकत नाही."

हे खरंच. कायद्याने बंदी नाही म्हणे, पण स्वतः शोधलेल्या प्राण्याला कुणी स्वतःचंच नाव दिलं तर बाकीचे त्याला हसून हसून मारतील. तेवढी लाज त्या लोकांनी शिल्लक ठेवली आहे.

"म्हणून म्हणतो," खेकडेसाहेबांनी आवाज खाली आणला, "माझ्या खेकड्याला मी तुमचं नाव देतो. तुम्ही तुमच्या गोगलगायीला माझं द्या. कुणी काही म्हणायचं कारणच नाही. झालंच तर मोठेपणा दिसेल."

दाजी हरभऱ्याच्या झाडावर चढायला एका पायावर तयार असतात, इथे तर शिडी लावून मिळाली होती. आपलं नाव! जगबुडीपर्यंत! त्यांनी दोन्ही हातांनी खेकडेसाहेबांचा हात धरला. ताई आत कप विसळत होती. दोन खोल्यांमधल्या दाराला पडदासुद्धा नाही. नळ बंद झाला आणि बराच वेळ बंदच राहिला.

पाहुणे गेल्यावर दाजी खाकरले. "ऐकलंस ना? म्हणजे काय आहे, शास्त्रात अशा गोष्टी कराव्या लागतात. पुढची तुझी. पुढची नक्की तुझी."

"बरं," ताई म्हणाली.

"आणि चित्राखाली तुझं नाव घालतो ना या वेळी! छापून येईल!"

"बरं."

दाजींना वाटलं मिटलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात गाठलं, मुद्दाम खुर्चीत बसवलं आणि दिवा तोंडावर मारला. म्हटलं, "दाजी, ते नाव तिचं होतं. तीस वर्षं ती तुमच्या तोंडाकडे बघत बसली आहे."

"अरे, पण बायकोचं नाव दिलं की फार घरगुती दिसतं रे," दाजी म्हणाले. "लोक म्हणतील, याला दुसरं कुणी मिळालं नाही."

माझ्या हातात पक्कड होती. माझ्या संयमाची तारीफ व्हायला हवी.

ताई चित्राला बसली. आठवडाभर मान मोडून ठिपके दिले. चित्र झालं आणि दाजी बघायला आले. बघता बघता त्यांचं तोंड आंबट झालं.

"खोबणीची ही कडा फुटकी का दिसतेय?"

"कारण ती फुटकी आहे," ताई म्हणाली. "करवतीसारखे दाते आहेत तिथे. भिंग घेऊन बघा."

"ते दगडात दबून झालं असेल. अगं, आपण प्रजातीचं चित्र काढतोय, तिला झालेल्या अपघातांचं नाही. कडा स्वच्छ कर."

"दिसतं ते काढते मी."

"तुझं नाव जाणार आहे खाली. चित्र असं रांगडं दिसलं तर लोक काय म्हणतील? तुझ्याच भल्याचं सांगतोय."

तिथे माझी ताई हरली. तिने मला नंतर स्वतः सांगितलं. म्हणाली, "मला वाटलं, पहिल्यांदाच नाव छापून येतंय, कशाला वाद घालायचा." ब्लेडने तिने ते दाते अलगद खरवडून काढले आणि खोबणीला गुळगुळीत, सुरेख कडा दिली. दाजींनी चित्राचा मुका घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता या दोन विद्वानांनी पुढे काय केलं ते ऐका. दोघांनी आपापले लेख लिहिले. छापण्याआधी रीतसर एकमेकांना वाचायला दिले. दाजींनी खेकडेसाहेबांच्या लेखात फक्त स्वतःचं नाव बरोबर लिहिलंय ना ते पाहिलं. खेकडेसाहेबांनी दाजींच्या लेखात फक्त स्वतःचं पाहिलं. मग दोघांनीही "अतिशय उत्तम लेख" असा शेरा मारून परत पाठवले. संपादक खूश. एकाच खाणीतल्या दोन नव्या प्रजाती! त्यांनी दोन्ही लेख एकाच अंकात, एकाला एक चिकटून छापले.

अंक आला. दाजी माझ्याकडे प्रत घेऊन आले, छाती ही एवढी पुढे. मला म्हणाले, वाच. मी आपला सुरुवातीपासून वाचायला लागलो, कारण मला कुठे माहीत होतं की तसं वाचायची पद्धत नसते. पहिला लेख खेकड्याचा. दाजींचं नाव धारण करणाऱ्या त्या खेकड्याचा उजवा पंजा डाव्याच्या दुप्पट होता आणि पंज्यात एकच जाडजूड दात होता, डबा फोडायला असतो तसा. दात म्हटल्यावर मी मन लावून वाचलं. खेकडेसाहेबांनी सविस्तर लिहिलं होतं, हा प्राणी गोगलगायीला धरायचा आणि शंखाची कड त्या दाताने कडाकडा फोडत आत जायचा. गोगलगाय सुटलीच तर पुढे कवच पुन्हा वाढायचं, पण जखमेच्या जागी तिरकी खोबण राहायची आणि त्यापुढच्या रेघा सरकलेल्या यायच्या. पुराव्यादाखल फोटो होता. खाणीतली नेहमीची, बादलीने सापडणारी गोगलगाय, पाठीवर तिरकी खोबण, खोबणीची कडा फुटकी.

मी पान उलटलं. पुढच्या पानावर ताईचं चित्र होतं. तीच गोगलगाय, तीच खोबण, कडा तेवढी गुळगुळीत. वर लिहिलं होतं, नवी प्रजाती.

मी दाजींकडे पाहिलं. ते माझ्या चेहऱ्यावर कौतुक शोधत होते. मी विचारलं, "दाजी, तुम्ही पहिला लेख वाचलात?"

"वाचला की! नाव अगदी ठळक आलंय."

मी अंक मिटून त्यांच्या हातात परत दिला. एक तर मला यातलं कळतं किती, आणि दुसरं म्हणजे त्यांचा तो आनंद बघून मला, छे, दया वगैरे नाही आली. मला वाटलं, थोडं वर चढू दे.

फार वर जाऊ दिलं नाही कुणी. दूरच्या एका विद्यापीठातून एका संशोधक बाईंनी तो शंख बघायला मागवला. दाजींना काय वाटलं असेल? कीर्ती पसरली! त्यांनी शंख कापसात गुंडाळून, पेढीतून हिरा पाठवावा तशा थाटात रवाना केला. पुढच्या अंकात त्या बाईंचं अर्धं पान छापून आलं. त्यांनी लिहिलं होतं, की ही नवी प्रजाती वगैरे काही नाही. ही नेहमीचीच गोगलगाय, खेकड्याने चावलेली. चावणारा खेकडा याच अंकात आधीच्या पानांवर बघावा. आणि शेवटी एक वाक्य होतं, "मूळ नमुन्यावर फुटकी कडा स्पष्ट दिसत असूनही चित्रकर्तीने ती वगळल्यामुळे ही गफलत झाली असावी." पुढे कंसात चित्रकर्तीचं नाव. माझ्या ताईचं. संपूर्ण, आडनावासकट.

इकडे म्युझियममध्ये हसून हसून लोकांची पोटं दुखली. शंखोबांच्या नावाच्या खेकड्याने शंखोबांचीच गोगलगाय चावून ठेवली होती! आणि जिला चावलं ती खेकडेसाहेबांच्या नावाची! वरच्या मजल्यावरचा देवमाशाचा सांगाडाही हसला असेल. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला बोलू? पण ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि माझं हसू जागच्या जागी मेलं.

दाजी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी खेकडेसाहेब समाचाराला आले. मीही तिथेच होतो. खेकडेसाहेबांचं नाव आता एका बुडालेल्या गोगलगायीला कायमचं चिकटलं होतं. यांच्यात एकदा छापलेलं नाव मरत नाही, खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात पडून राहतं. म्हणजे जो कुणी पुस्तकात ती गोगलगाय काढून बघेल त्याला ते दिसणार. तरी माणसाचा गोडवा कायम.

"मनाला लावून घेऊ नका," ते दाजींना म्हणाले. "छापलंय ना त्यांनी, चित्र चुकीचं होतं. तुमचा काय दोष त्यात?"

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी छताकडे पाहिलं, मग चादरीकडे, आणि मग मान हलवत म्हणाले, "हो. चित्रात जरा गफलत झाली खरी."

मी उठलोच होतो. खरं सांगतो, या वयातही मी त्यांना उशीने बडवलं असतं. पण ताईने मला डोळ्यांनी खाली बसवलं. ट्रे स्टुलावर ठेवला. कप कुणालाच दिला नाही.

"तीस वर्षं मी खरी चित्रं काढली," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "एकाखालीही माझं नाव नाही. एकच खोटं काढलं, तेही तुम्ही सांगितलंत म्हणून, आणि नेमकं त्याच्याखाली आहे. आता माझं नाव जगात कुठे शोधायचं झालं तर तिथेच सापडेल."

खेकडेसाहेबांनी चहाकडे हात नेला होता, तो परत घेतला.

"अगं, पण मी मुद्दाम का..." दाजी म्हणाले.

"गोगलगायीचं नाव दुसऱ्याला दिलंत, मी बरं म्हटलं. ते तुमचं होतं, तुम्ही द्याल ते. हे माझं होतं." ती आत गेली आणि बाहेर आली ती भिंग, निब, दौत आणि कोरा कागद घेऊन. परत आलेल्या शंखाची डबीही आणली. सगळं दाजींच्या पुढ्यात पांघरुणावर मांडलं. "आता तुम्ही काढा. फुटकी कडा दिसतेय तशी. आणि ती कुणी वगळायला लावली तेही लिहा. जोवर छापून येत नाही तोवर मी या घरात निबेला हात लावणार नाही."

दाजींनी आयुष्यात चित्र म्हणून कधी साधा चौकोन काढला नव्हता. पहिले काही दिवस त्यांनी रुसून पाहिलं. मग आजारी पडून पाहिलं. मग माझ्याकडे येऊन, "डॉक्टर, तू सांग ना तिला," करून पाहिलं. मी म्हटलं, दाजी, तोंड उघडा, दात बघतो. ते निघून गेले. मग एके दिवशी मी घरी गेलो तर टेबलाशी खिडकीकडे तोंड करून दाजी बसलेले, डोळ्यात भिंग, बोटं काळी, नाकाच्या शेंड्यावर शाई. ताई शेजारच्या खोलीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होती. तिला असं रिकामं बसलेलं मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

"अगं, इथे ठिपके दाट द्यायचे का विरळ?" आतून हाक यायची.

"दिसतं तसे," ताई म्हणायची आणि पान उलटायची.

कितीतरी कागद वाया गेले. माझ्या मते दाजींनी तीस वर्षांत एकही गोगलगाय पाहिली नव्हती, ती त्यांनी त्या दिवसांत पाहिली. एकदा मला हळूच म्हणाले, "या कडेला खरंच दाते आहेत रे." मी म्हटलं, "हो का?" त्यांचे डोळे ओले होते, ते बहुधा भिंगामुळे असावेत.

शेवटी छापून आलं. एक पान. त्यावर दाजींचं चित्र होतं. आता मी घरचा माणूस आहे, म्हणून सौम्य शब्दात सांगतो, तो बटाटा होता. मोड आलेला बटाटा, त्यावर एक तिरकी चीर, आणि चिरेच्या कडेला मोठमोठे, ठसठशीत दाते. दाते मात्र अचूक मोजून काढले होते. खाली दाजींनी लिहिलं होतं, "मूळ चित्रात ही कडा फुटकीच काढलेली होती. ती माझ्या आग्रहावरून बदलली गेली. चूक माझी आहे, चित्रकर्तीची नाही." त्याखाली ताईचं नाव, आणि अगदी शेवटी, "या पानावरचं चित्र: लेखक." म्युझियममध्ये ते पान कुणीतरी स्वच्छतागृहाच्या दारावर चिकटवलं. दाजींनी ते काढलं नाही. उलट, चुकून उजवीकडे वळलेल्या माणसाला ते आता आधी डावीकडे नेऊन ते पान दाखवतात.

ताईने पान वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. दाजी समोर उभे, निकालाला आलेल्या मुलासारखे.

"दाते बरे जमलेत," ती म्हणाली. दाजी एवढे फुलले, की नवी प्रजाती सापडली तेव्हाही फुलले नव्हते.

परवा ते पुन्हा एक शंख घेऊन धावत आले. छोटा, पांढुरका, तोंडाशी दुहेरी ओठ असलेला. या वेळी एक नाही, मूठभर सापडलेत. म्हणाले, ही नक्की नवी, आणि हिला तुझंच नाव, आता देवाशपथ. ताईने भिंग लावून तो शंख बराच वेळ फिरवून पाहिला.

"चावलेली तर नाही ना?" तिने विचारलं.

"नाही गं! सगळ्या सारख्या आहेत!"

"मग तुम्हाला हवं ते नाव द्या," ताई म्हणाली, आणि कोरा कागद पुढे ओढला. हल्ली ती आधी खालच्या कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव शाईने लिहिते, ते वाळू देते, आणि मगच पहिला ठिपका देते.